काळ्या मातीत कायमची झाडं लावताना

मराठवाड्यात अंगणातलं रोप उन्हाळ्यात वाळलं की दोष उन्हाला जातो. पुष्कळदा त्याची मुळं आधीच्या पावसाळ्यातच कुजलेली असतात. काळ्या चिकणमातीचे सूक्ष्म थर पाणी पिऊन फुगतात, मातीतली पोकळी बुजते आणि मुळांना हवा मिळत नाही. हीच माती उन्हाळ्यात आक्रसून तडकते, तेव्हा भेगांत कोवळी मुळं तुटतात.

म्हणून झाडं निवडण्याआधी जमीन तपासा. ३० सेंटीमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, पाणी जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलंच असेल, तर निचरा वाईट आहे. अशा ठिकाणी खड्ड्यात वाळू किंवा लाल माती भरण्याची चूक सर्रास होते. पाणी भुसभुशीत खड्ड्यात झटकन शिरतं, पण भोवतीच्या चिकणमातीतून बाहेर पडत नाही. खड्ड्याचा हौद होतो. त्यापेक्षा निघालेल्याच मातीत चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत मिसळा आणि २५-३० सेंटीमीटर उंच वरंबा करून त्यावर रोप लावा. मृगाच्या पहिल्या सरीला घाई नको, ओल खोलवर गेली की लावा.

पांढऱ्या चाफ्याला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, त्याची जागा वरंब्यावरच. बोगनवेल आणि कण्हेरही तिथेच. पण कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, घरात लहान मूल किंवा गुरं असतील तर ती टाळावी. सखल कोपऱ्यात वाळा लावा. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि साचलेलं पाणीही सोसतात. कुंपणाला अडुळसा उत्तम, शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत.

अनंत आणि एक्झोरा मात्र आधी परीक्षा घेऊनच आणा. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे. अशा मातीत लोह असूनही विरघळत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मुळाशी हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) घातला तर तोही लवकरच निकामी होतो. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारला तर फरक दिसतो, पण नवी पालवी पुन्हा पिवळीच येते.

पाऊस सरला की सोयाबीनच्या भुसकटाचं ८-१० सेंटीमीटर आच्छादन घाला, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. भेगा कमी पडतात. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर द्या, तेही खोडाशी नाही, फांद्यांच्या घेराखाली. पाणी वरच्यावर मिळालं की मुळंही वरच राहतात, आणि एप्रिलमध्ये सर्वांत आधी तापतो तो हाच वरचा थर.