रोबोटिक आतडे-शस्त्रक्रिया: 'कन्व्हर्जन'भोवतीचा वाद

मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून शस्त्रक्रिया १९९१ च्या सुमारास सुरू झाल्या. लगोलग दुर्बीण आणि हत्यारे आत घालण्याच्या छिद्रांच्या जागी कर्करोग पुन्हा उगवल्याच्या नोंदी आल्या आणि ही पद्धत अनेक वर्षे संशयात अडकली. २००४ मध्ये ८७२ रुग्णांच्या चाचणीने तो संशय फेडला. तोवर रोबोट दारात उभा होता: अमेरिकेत २००० मध्ये परवानगी, वर्षभरात आतड्यावर वापर.

'रोबोटिक' हा शब्द मात्र दिशाभूल करतो. यंत्र आपणहून काहीच कापत नाही. सर्जन काही फुटांवरच्या कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. बहुतेक यंत्रांत टाक्याचा ताण बोटांना कळत नाही, तो डोळ्यांनीच जोखावा लागतो. त्या बदल्यात मिळतात मनगटासारखी वळणारी हत्यारे. उजव्या बाजूच्या आतड्यात त्यांच्यावाचून फारसे अडत नाही. पुरुषाच्या अरुंद ओटीपोटात, गुदाशयाशी काम करताना मात्र सरळ हत्यारे एकमेकांवर आदळतात आणि तिथे हे वळण कामी येते.

म्हणूनच रोबोट आणि साधी दुर्बीण यांची तुलना करणारी मोठी चाचणी गुदाशयाच्या कर्करोगावर झाली: १० देश, ४७१ रुग्ण, निकाल २०१७ मध्ये. मुख्य निकष धरला 'कन्व्हर्जन', म्हणजे मध्येच पोट उघडावे लागणे. इथेच घोळ झाला. साध्या दुर्बिणीत २५ टक्के रुग्णांचे पोट उघडावे लागेल आणि रोबोटने ते निम्म्यावर येईल, असे गृहीत धरून रुग्णसंख्या ठरवली होती. प्रत्यक्षात दुर्बिणीत प्रमाण १२.२ टक्केच निघाले, रोबोटने ८.१. मधल्या वर्षांत दुर्बिणीवरचा हात बसला होता. एवढासा फरक पकडायला ४७१ रुग्ण अपुरे पडले. 'फरक सिद्ध झाला नाही' याचे 'फरकच नाही' असे वाचन सर्रास झाले, ते माझ्या मते चूक. खर्चाचा मुद्दा मात्र पक्का होता: यंत्राची किंमत न धरताही दर रुग्णामागे सुमारे ९८० पौंड जास्त.

पुढे चीनमधल्या चाचणीने निकष बदलून कर्करोगाचेच मोजमाप केले. २०२२ च्या अहवालात काढलेल्या भागाच्या कडेला रोग उरण्याचे प्रमाण रोबोटने ४ टक्के, दुर्बिणीने ७.२ टक्के होते.

भारतात विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी रोबोटिक शस्त्रक्रियांना आधुनिक उपचारांच्या यादीत घेतले, पण कंपन्यांना त्यावरच्या भरपाईला वेगळी मर्यादा घालण्याची मुभाही ठेवली. पॉलिसीतली ही ओळ रुग्णाच्या घरच्यांना बहुधा बिल हाती आल्यावरच दिसते.