आरएफआयडी टॅगांचे हलके प्रमाणीकरण : सुरक्षेतील त्रुटी

बॅटरी नसलेला स्वस्त आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वस्तूची ओळख सांगणारी छोटी चिप) खरा की बनावट, हे मोजक्या गणिती क्रियांनी ठरवण्याच्या पद्धतींना हलके प्रमाणीकरण म्हणतात. असे टॅग कपड्यांच्या लेबलांत, गोदामातल्या खोक्यांवर असतात; गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही याच कुळातला. टॅगला वीज मिळते ती रीडरच्या, म्हणजे त्याला वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरींतून. चिपवर काही हजार लॉजिक गेट (शून्य-एकची साधी क्रिया करणारे छोटे मंडल) मावतात आणि सुरक्षेच्या वाट्याला त्यांतले थोडेच येतात.

या अडचणीतून २००६ मध्ये एलमॅप ही पद्धत आली. तिचे सगळे काम एक्सऑर (दोन बिट वेगळे असले तर एक, नाहीतर शून्य), अँड, ऑर या बिटांवरच्या साध्या क्रिया आणि ९६ बिटांची बेरीज यांवर चालते. घात इथेच झाला. बेरजेत हातचा उजवीकडून डावीकडे जातो. अगदी उजव्या बिटात तो येतच नाही, म्हणून तिथे बेरीज आणि एक्सऑर एकच ठरतात. चोरून ऐकणाऱ्याला तिथून सुरुवात करून एकेक बिट सोडवत जाता येते. दुसरी खोट अधिक त्रासदायक आहे. प्रत्येक भेटीनंतर टॅग आणि रीडरमागचा सर्व्हर दोघेही किल्ल्या, म्हणजे दोघांनाच ठाऊक असलेले गुप्त आकडे, बदलतात. शेवटचा संदेश कुणी अडवला, तर टॅग पुढे जातो, सर्व्हर मागे राहतो आणि खरा टॅगच परका ठरतो. २००७ च्या सासी पद्धतीत टॅग जुन्या किल्ल्याही जपून ठेवतो, तरी तिच्यातही हा ताळमेळ मोडता आला.

एचबी-प्लस या दुसऱ्या हलक्या पद्धतीची गोष्ट वेगळी. तिचे मूळ हॉपर आणि ब्लम यांच्या २००१ मधील, माणसाला स्वतः हिशेब करून ओळख पटवता यावी अशा पद्धतीत आहे. रीडरच्या प्रश्नांना टॅग मुद्दाम काही उत्तरे चुकीची देतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला गुपित उलगडत नाही. ज्युएल्स आणि वाइस यांनी २००५ मध्ये तिला गणिती सिद्धतेचा आधार दिला. त्याच वर्षी जिल्बेर, रॉबशॉ आणि सिबेर यांनी रीडरच्या प्रत्येक प्रश्नात तोच एक बिट उलटवून पाहिला. तरीही टॅग स्वीकारला गेला, तर गुपिताचा तो बिट शून्य. नाकारला गेला, तर एक. असे करत अख्खी किल्ली हाती येते. सिद्धता चुकीची नव्हती. मधल्या संदेशांत फेरफार करणारा शत्रू तिने गृहीतच धरला नव्हता. २००८ मध्ये सुधारलेली एचबी-शार्प आली, पण तिच्यावरचा हल्लाही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

एवढी काटकसर गरजेची होती का, हा प्रश्न रास्त आहे. २००७ मधील प्रेझेंट हे पूर्ण कूटलेखन, म्हणजे संदेश सांकेतिक करण्याची पद्धत, सुमारे १,५७० गेटांतच बसते. पुढे ते आंतरराष्ट्रीय मानकातही आले.