वेलांटीही एक अक्षरच

फाइलचं नाव अर्धवटच आठवत असेल, तर शोधताना दोन चिन्हं कामी येतात. तारा (*) म्हणजे इथे काहीही चालेल, अगदी काही नसलं तरी चालेल. प्रश्नचिन्ह (?) म्हणजे इथे एकच अक्षर हवं, पण हवंच. १९७१च्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही चिन्हं उलगडायला 'ग्लॉब' नावाचा वेगळा छोटा प्रोग्रॅम होता. आज ते काम शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, करतं आणि फाइली पुसणाऱ्या आज्ञेच्या हाती नावांची तयार यादी देतं. त्यामुळे 'जुने*' लिहिताना ताऱ्याआधी चुकून स्पेस पडली, तर त्या फोल्डरमधल्या लपवलेल्या सोडून सगळ्या फाइली गेल्याच म्हणून समजा.

मराठीत खरी गंमत प्रश्नचिन्हाची. 'पुणे' नावाची फाइल शोधायला किती प्रश्नचिन्हं लागतील? दोन नाही, चार. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, प, उकार, ण आणि मात्रा या चौघांना स्वतंत्र क्रमांक आहेत. 'श्री'लाही चारच लागतात: श, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), र, वेलांटी. काना-मात्रा अशा सुट्या ठेवायची पद्धत युनिकोडने 'इस्की' या भारतीय प्रमाणावरून घेतली.

हे त्रासदायक वाटेल, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या गोंधळावर याच्याइतका स्वस्त उपाय नाही. कुणी 'कीर्ती' लिहितं, कुणी 'किर्ती', तर जुन्या कागदांत 'कीर्ति'. 'क?र्त?' लिहा, तिन्ही सापडतील. कारण पहिली असो वा दुसरी, वेलांटी संगणकाच्या लेखी एकच अक्षर. अर्थात 'कीर्तन' नावाची फाइल असेल तर तीही येईल. शेवटच्या जागी वेलांटीच हवी, असं आपण कुठे सांगितलंय?

'कऱ्हाड'शी गाठ पडली की मात्र हा हिशेब कोलमडतो. त्यातला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ, हलन्त आणि ह. दुसरी, साधा र, हलन्त, मग न दिसणारा एक जोडक आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आत एका अक्षराचा फरक असतो. त्यामुळे प्रश्नचिन्हं मोजून लिहिली की दोनांपैकी एक फाइल हमखास निसटते. अशा वेळी सरळ 'क*हाड' लिहावं. यादीत एखादी कुऱ्हाड आली तर येऊ द्यावी.