मायक्रोफायबर की स्पंज वाइप? एकाच रॅकवरची दोन वेगळी फडकी

नाशिकला मेन रोडच्या दुकानात जा किंवा कॉलेज रोडच्या सुपरमार्केटात, झाडू-फिनेलच्या रॅकवर रंगीत चौकोनी फडक्यांची दोन पाकिटं शेजारी शेजारी दिसतात. दोन्हींवर ‘भरपूर पाणी शोषतं’ असंच लिहिलेलं असतं. घरी आणून एकाचं काम दुसऱ्याला दिलं की काचेवर ओघळ राहतात आणि ओटा चिकटच राहतो. मग दोष फडक्याला लागतो, चूक मात्र निवडीत असते.

पाकिटातून काढल्यावर जे पुठ्ठ्यासारखं कडक लागतं आणि भिजलं की मऊ होतं, ते स्पंज वाइप. लाकडाचा लगदा म्हणजे सेल्युलोज साधारण ७० टक्के आणि उरलेला कापूस. स्वीडनचे इंजिनिअर कर्ट लिंडक्विस्ट यांनी १९४९ साली हे कापड शोधलं. कोरडं असतानाही मऊ राहतं आणि बोटांना किंचित अडकतं, ते मायक्रोफायबर. ते पॉलिस्टर आणि नायलॉनचं असतं, बहुधा ८०:२० प्रमाणात. त्याचा धागा एक डेनियरपेक्षा बारीक, म्हणजे ९ किलोमीटर धाग्याचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून नाशिकरोड रेल्वे स्टेशन जवळपास तेवढंच लांब आहे. चांगल्या प्रतीच्या कापडात हा धागा उभा चिरलेला असतो. त्या फटींत धूळ आणि तेलाचा पातळ थर अडकतो. धागा चिरलेला नसेल तर ते नुसतं मऊ पॉलिस्टर, पाणी पुढे ढकलत नेणारं. घेण्याआधी तळहातावर फिरवून बघा. सुळकन सरकलं तर घेऊ नका. तरीही शंका राहिली तर घरी एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळा. मायक्रोफायबर वितळून कडक मणी होतो, स्पंज वाइप कागदासारखं जळून राख होते.

‘वजनाच्या १५ पट पाणी’ हा स्पंज वाइपचा दावा खोटा नाही, पण हिशेब करून बघा. १७ बाय २० सेंटिमीटरचा तुकडा जेमतेम ७ ग्रॅमचा, म्हणजे पाणी शंभरेक मिलिलिटर, अर्धी वाटी. दूध उतू गेलं तर तो तुकडा दोन-तीनदा पिळावा लागतो. पण पिळला की जवळजवळ सगळं पाणी सोडतो आणि लगेच पुढच्या फेरीला तयार होतो. ओटा, सिंकची कड, जेवणाचं टेबल ही त्याची कामं. नेहमी भिजवून, पिळून मगच वापरा. कोरडा कडक तुकडा टीव्हीवर किंवा चष्म्यावर घासला तर चरे पडू शकतात. हळदीचा डाग धुऊन जात नाही, पण दोन दिवस उन्हात ठेवला की बराच उडतो.

मायक्रोफायबरचं खरं काम धूळ, काच आणि तेलकट हातांचे ठसे. ४० सेंटिमीटरचं कापड दोनदा दुमडलं की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की पालटा. काचेला दोन कापडं लागतात: एक घट्ट पिळलेलं, एक कोरडं. ओघळ बहुतेक वेळा कापड जास्त ओलं असल्यामुळेच राहतात. लिंबू-मिठाने घासलेलं तांब्या-पितळेचं भांडं धुतल्यावर लगेच कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, पाण्याचे ठिपके उमटत नाहीत. गरम पातेलं मात्र याने कधीच उचलू नका, धागा वितळतो. ओलं स्पंज वाइपही त्या कामाचं नाही, वाफेने हात भाजतो. तिथे सांडशीच हवी.

सगळ्यात जास्त फडकी बिघडतात ती धुताना. मायक्रोफायबर टॉवेल आणि बनियनांसोबत मशीनमध्ये टाकलं की सुती लव त्याच फटींत जाऊन बसते. फॅब्रिक सॉफ्टनरने धाग्यावर थर चढतो आणि कापड निकामी होतं. वेगळं धुवा, पावडर थोडी घाला, पाणी ६० अंशांच्या आत, ब्लीच नको, इस्त्री नको. धुण्याआधी बाहेर जोरात झटका, कारण अडकलेला वाळूचा एक कण स्टीलवर रेघ ओढतो. स्पंज वाइप पाच मिनिटं पाण्यात उकळलं तरी चालतं, वास जायला तोच उपाय. पावसाळ्यात नाशिकला ते सिंकमध्ये बोळा करून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. नळावर पसरून टाका आणि दोन तुकडे आलटून-पालटून वापरा. थंडीत हात फुटले की मायक्रोफायबर कातडीला बोचतं; पण खोबरेल लावून लगेच ते हातात घेऊ नका, तेच तेल काचेवर उतरतं.

आणखी एक फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मायक्रोफायबर प्रत्येक धुण्यात प्लॅस्टिकचे अतिबारीक तंतू सोडतं, आणि ते पाणी गटारातूनच पुढे जातं. म्हणून जिथे स्पंज वाइप किंवा जुन्या सुती साडीचं फडकं पुरेल तिथे ते वापरावं. उकळूनही वास न गेलेलं स्पंज वाइप तुकडे करून कुंडीतल्या खतात घालता येतं, मात्र आत प्लॅस्टिकची जाळी नाही ना, हे आधी फाडून बघा. चौघांच्या घराला चार मायक्रोफायबर आणि तीन स्पंज वाइप पुरतात. बाथरूमच्या कापडाचा रंग वेगळा ठेवा, ते ओट्यावर येता कामा नये.