होम थिएटरमधील ध्वनिपातळी-जुळवणी

होम थिएटरमधील प्रत्येक स्पीकरचा आवाज श्रोत्याच्या जागी सारख्या पातळीने पोहोचावा म्हणून ध्वनिपातळीमापकाच्या साहाय्याने वाहिन्यांची (प्रत्येक स्पीकरकडे जाणाऱ्या स्वतंत्र ध्वनिसंकेतांची) पातळी ठरवून देण्याची क्रिया. चित्रपटगृहात हे काम तंत्रज्ञ करतात. घरात रिसीव्हरच्या (स्पीकरांना ध्वनी पुरवणाऱ्या मुख्य उपकरणाच्या) सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरपुढचा आकडा अर्ध्या किंवा एका डेसिबलच्या टप्प्याने वरखाली करून ते साधले जाते. विलंब, क्रॉसओव्हर (कोणत्या वारंवारितेखालचा ध्वनी सबवूफरकडे, म्हणजे खोल आवाजांच्या खास स्पीकरकडे, पाठवायचा ते ठरवणे) आणि इक्वलायझेशन (वारंवारितांचा तोल साधणे) ही कामे हिच्या जोडीने होत असली, तरी साध्या मापकाला त्यांतले फारसे काही कळत नाही. प्रस्तुत नोंद पातळीपुरतीच आहे.

राशी : मापक मोजतो तो ध्वनिदाब. २० मायक्रोपास्कल हा दाब शून्य डेसिबल धरला आहे, त्यामुळे १ पास्कल दाब म्हणजे जवळजवळ ९४ डेसिबल. दाब दुप्पट झाला की वाचन ६ डेसिबलने वाढते. एकमेकांशी संबंध नसलेला, सारख्याच पातळीचा गोंगाट दोन स्पीकरांतून एकदम वाजला तर मात्र वाढ ३ डेसिबलच असते. ७५ डेसिबलला जुळवलेल्या पाच वाहिन्या एकत्र वाजल्या तर मापक सुमारे ८२ दाखवतो. म्हणून जुळवणी नेहमी एकेका वाहिनीची करतात.

भारांकन (वारंवारितेनुसार वाचन कमीजास्त धरणे) : कान सर्व वारंवारितांना सारखा प्रतिसाद देत नाही, आणि हा असमानपणा आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेले समप्रबलता वक्र (कानाला सारखेच मोठे वाटणारे दाब वारंवारितेनुसार दाखवणारे आलेख) हा या विषयातला मूळ आधार मानला जातो. त्यांच्या आकड्यांची पुढे रॉबिन्सन आणि डॅडसन (१९५६) यांनी, आणि त्यानंतर आयएसओ २२६ या मानकाच्या २००३ मधील आवृत्तीने बरीच दुरुस्ती केली. मापकातील ए, बी आणि सी ही भारांकने मात्र १९३० व १९४० च्या दशकांतील अमेरिकी मानकांच्या परंपरेतून आलेली आहेत. ए हे सुमारे ४० फोनच्या (फोन हे आवाज किती मोठा भासतो याचे एकक), बी ७० फोनच्या आणि सी त्याहून मोठ्या आवाजांच्या वक्राशी स्थूलमानाने जुळते. मोठ्या आवाजाला सी वापरावे ही होम थिएटरमधील शिफारस या जुन्या विभागणीशी सुसंगत आहे. तरी तिचे खरे कारण व्यवहारातले दिसते, आणि ते सबवूफरपाशी उघड होते.

१ किलोहर्ट्झला ए आणि सी दोन्ही शून्य असतात. ६३ हर्ट्झला सी केवळ ०.८ डेसिबल कमी दाखवते, तर ए २६.२ डेसिबल. ३१.५ हर्ट्झला सीची घट ३ डेसिबल होते आणि एची ३९.४. रिसीव्हरचा मुख्य स्पीकरांसाठीचा चाचणी-संकेत बहुधा ५०० ते २,००० हर्ट्झ या पट्ट्यात असतो. तिथे ए वक्र −३.२ ते +१.२ डेसिबल एवढाच हलतो, त्यामुळे बटण चुकून एवर राहिले तरी समोरच्या आणि बाजूच्या स्पीकरांच्या जुळवणीत फारसे बिघडत नाही. सबवूफरचा संकेत मात्र साधारण ३० ते ८० हर्ट्झमधला. एवर मोजून तो मुख्य वाहिन्यांइतका आणायचा म्हटले, तर सबवूफर वीसेक डेसिबलने किंवा त्याहूनही अधिक चढवावा लागेल. बहुतेक रिसीव्हरांत तेवढी मर्यादाच नसते आणि अॅम्प्लिफायरही तोवर टिकत नाही. सध्याच्या आयईसी ६१६७२ या मानकात बी भारांकन राहिलेले नाही. ए आणि सीखेरीज झेड हे सपाट भारांकन त्यात आहे.

संदर्भपातळी : चित्रपटगृहातला ८५ डेसिबल हा आकडा कोठून आला, यावर तज्ज्ञांचे पूर्ण एकमत नाही. चित्रपटगृहांतील पातळीचे प्रमाणीकरण १९७० च्या दशकाच्या मध्यास डॉल्बी प्रयोगशाळेच्या कामातून रूढ झाले, असे सामान्यतः मानले जाते. चित्रफितीच्या प्रकाशीय ध्वनिपट्टीवर ५० टक्के मॉड्युलेशन ही संदर्भपातळी होती. त्या पातळीचा पिंक नॉइज (प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेला चाचणी-गोंगाट) पडद्यामागच्या एका वाहिनीतून वाजवला असता, प्रेक्षागृहाच्या सुमारे दोन-तृतीयांश खोलीवर, सी भारांकनाने ८५ डेसिबल यावेत असा संकेत ठरला. अंकीय ध्वनी आल्यावर संदर्भपातळी कमाल अंकीय मर्यादेच्या २० डेसिबल खाली (थोडक्यात −२०) ठेवण्यात आली. त्यातून एका वाहिनीची कमाल पातळी १०५ डेसिबल आणि, मंद्र परिणामांच्या (स्फोटासारख्या खोल आवाजांच्या) वाहिनीला १० डेसिबलची जादा वाढ दिल्यामुळे, तिची ११५ डेसिबल, हे बहुश्रुत आकडे निघतात.

ध्वनिअभियंता बॉब कॅट्झ यांनी २००० च्या सुमारास मांडलेल्या ‘के’ पद्धतीत त्याच −२० च्या संकेताला ८३ डेसिबल दिलेले आहेत. या दोन डेसिबलांच्या तफावतीची स्पष्टीकरणे एकसारखी नाहीत. त्यांतली बरीचशी मोजमापाच्या साधनाकडे बोट दाखवतात. ज्यालहरीवर (साइन तरंगावर) अंशांकित केलेला, सरासरी दाखवणारा मीटर यादृच्छिक गोंगाटाचे मूल्य खऱ्या वर्गमाध्यमूळ (आरएमएस) मूल्यापेक्षा सुमारे १ डेसिबल कमी दाखवतो. ही चूक गणिताने काढता येते आणि तिच्याबद्दल वाद नाही. शिवाय ‘कमाल अंकीय मर्यादा’ ज्यालहरीच्या वर्गमाध्यमूळ मूल्यावरून मोजायची की चौरस लहरीच्या, यानुसार आणखी ३ डेसिबलांचा फरक पडतो. चाचणी-संकेताचा पट्टा पूर्ण आहे की मर्यादित, यानेही वाचन बदलते. एवढ्या फटी असताना ८३ आणि ८५ यांपैकी एकच आकडा खरा ठरवण्याचा प्रयत्न फलदायी दिसत नाही. कोणता संकेत कोणत्या मीटरने मोजला, हे सांगितल्याखेरीज दोन्ही आकडे अपुरे आहेत.

घरातला ७५ डेसिबल हा आकडा त्यामानाने सरळ आहे. रिसीव्हरमधला अंगचा संकेत बहुधा −३० या पातळीचा, म्हणजे चित्रपटगृहातल्या संकेतापेक्षा १० डेसिबल खालचा असतो, म्हणून त्याला ७५. चाचणी-तबकडीवरचा संकेत −२० चा असेल तर ८५. दोन्हींतून एकच व्यवस्था सिद्ध होते. −३० च्या संकेताला कोणी ८५ दिले, तर व्हॉल्यूमच्या शून्याचा (संदर्भपातळी दाखवणाऱ्या खुणेचा) अर्थ १० डेसिबलने सरकतो, पण वाहिन्यांचा आपसातला तोल जसाच्या तसा राहतो. टॉमलिन्सन होल्मन यांच्या कामातून १९८३ मध्ये पुढे आलेल्या टीएचएक्स व्यवस्थेच्या नंतरच्या घरगुती आवृत्तीने हा शून्याचा संकेत लोकप्रिय केला.

लहान खोलीत ८५ डेसिबलची संदर्भपातळी चित्रपटगृहापेक्षा मोठी भासते, हे निरीक्षण जुने आहे. अमेरिकी दूरचित्रवाणीसाठीच्या एटीएससी ए/८५ या शिफारशीत खोलीचे आकारमान कमी होईल तशी संदर्भपातळी उतरत जाते. घरी पाहणारे पुष्कळ लोक शून्याच्या १० ते २० डेसिबल खालीच ऐकतात. तेवढ्या खाली समप्रबलता वक्रांनुसार मंद्र स्वर अधिक क्षीण भासतात. ‘जुळवणी केली आणि बास गेला’ या तक्रारीचे एक मूळ इथे असावे.

कार्यपद्धती : मापक कॅमेऱ्याच्या तिपाईवर, बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर, खुर्चीच्या पाठीपासून दूर लावतात. हातात धरल्यास शरीराचे परावर्तन वाचनात मिसळते. भारांकन सी आणि प्रतिसाद मंद (वाचन हळू बदलणारा) ठेवून प्रत्येक वाहिनीचा संकेत आळीपाळीने ७५ वर आणतात. खोलीतला इतर गोंगाट संकेतापेक्षा १० डेसिबलने कमी असेल तर तो वाचनात सुमारे ०.४ डेसिबलचीच भर घालतो. पंखा, वातानुकूलक बंद करावेत ही सूचना त्यामुळे मुख्यतः सबवूफरच्या मोजणीसाठी मोलाची आहे. त्यांचा घुमणारा भाग खालच्या वारंवारितांत असतो आणि सी भारांकन तो जवळजवळ पूर्ण मोजते.

चित्रपटगृहात बाजूच्या दोन्ही वाहिन्या प्रत्येकी ८२ डेसिबलला ठेवतात, दोन्ही मिळून ८५ याव्यात म्हणून. घरी सर्व वाहिन्या सारख्याच. चित्रपटगृहासाठी मिश्रित केलेला ध्वनी घरगुती माध्यमावर आणताना या ३ डेसिबलांची भरपाई व्हावी म्हणून डॉल्बी डिजिटलच्या एन्कोडरमध्ये खास सोय असते. ती वापरली गेली आहे असे गृहीत धरूनच घरातली समान जुळवणी बरोबर ठरते.

मायक्रोफोनची दिशा : मापक स्पीकरकडे रोखावा की छताकडे, यावर दोन परंपरा आहेत. युरोपीय वळणाचे मायक्रोफोन मुक्त क्षेत्रासाठी, म्हणजे उगमाकडे तोंड करून वापरण्यासाठी समायोजित असतात. अमेरिकी वळणाचे बहुदिश आपातासाठी, म्हणजे सर्व दिशांनी येणाऱ्या ध्वनीसाठी, असतात आणि ते उगमापासून सुमारे ७० अंश वळवून धरायचे असतात. होम थिएटरच्या बहुतेक मार्गदर्शनात मायक्रोफोन छताकडे ठेवायला सांगतात. तसे केल्याने कानाच्या उंचीवरच्या सर्व स्पीकरांचा ध्वनी त्याच्यावर सारख्याच कोनातून येतो आणि दर वाहिनीला मापक फिरवावा लागत नाही. २,००० हर्ट्झला तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. अर्ध्या इंचाच्या मायक्रोफोनला त्या लांबीवर दिशेचा फरक जवळजवळ जाणवत नाही, म्हणून मर्यादित पट्ट्याच्या संकेतापुरता हा वाद पुस्तकी आहे. पूर्ण पट्ट्याचा पिंक नॉइज वापरला, किंवा छतावरचे स्पीकर मोजायचे असले, तर त्याला अर्थ येतो. डॉल्बी अॅटमॉस (वरूनही ध्वनी देणारी व्यवस्था) घरगुती उपकरणांत २०१४ पासून आले. तोवरच्या सूचना आडव्या मांडणीसाठीच लिहिलेल्या होत्या.

सबवूफर : या विषयातला सर्वांत अडचणीचा भाग. मंद प्रतिसादातही काटा स्थिर राहत नाही आणि हा मापकाचा दोष नसतो. यादृच्छिक संकेताच्या वाचनातली अनिश्चितता पट्ट्याची रुंदी व मोजणीचा काळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३० ते ८० हर्ट्झ हा पट्टा जेमतेम ५० हर्ट्झ रुंद. मंद प्रतिसादाचा कालस्थिरांक १ सेकंद आणि जलद प्रतिसादाचा १२५ मिलिसेकंद आहे. त्यावरून मंद प्रतिसादात प्रमाण विचलन सुमारे ०.४ डेसिबल आणि जलद प्रतिसादात १ डेसिबलहून अधिक निघते. मधल्या वारंवारितांच्या संकेताला तेच विचलन मंद प्रतिसादात ०.१ डेसिबलच्या आसपास. त्यामुळे सबवूफरसाठी काट्याच्या झोक्याचा मध्य नजरेने धरावा लागतो, आणि या बाबतीत जुने काट्याचे मापक अंकदर्शकापेक्षा सोयीचे ठरतात.

याहून मोठी अनिश्चितता खोली आणते. ५ मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अक्षीय अनुनाद (समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनी घुमणे) ३४ हर्ट्झच्या आसपास येतो. त्यात खोलीच्या मध्यावर ध्वनिदाब किमान, तर भिंतींपाशी कमाल असतो. मापक हातभर सरकवला की वाचन कित्येक डेसिबलने हलते ते यामुळे. मॅनफ्रेड श्रोडर यांच्या सूत्रानुसार, ५० घनमीटरच्या आणि ०.४ सेकंद निनादकाल (आवाज विरून जाण्यास लागणारा काळ) असलेल्या खोलीत ही सुट्या अनुनादांची सत्ता सुमारे १८० हर्ट्झपर्यंत चालते, म्हणजे सबवूफरचा सगळा पट्टा तिच्यात येतो. एका बिंदूवरचे वाचन सबवूफरसाठी जवळजवळ निरर्थक आहे, असे काही तज्ज्ञ म्हणतात. तीन-चार आसनांवरच्या वाचनांची सरासरी घ्यावी, हा मध्यममार्ग अधिक मान्य दिसतो.

मंद्र परिणामांच्या वाहिनीची १० डेसिबलची वाढ ही तिच्या पट्ट्यातली वाढ आहे. तिचा पट्टा अरुंद असल्याने सी भारांकित एकूण वाचन मुख्य वाहिनीपेक्षा सुमारे ४ डेसिबलच जास्त येते. ही वाढ रिसीव्हर आपोआप देतो, त्यामुळे घरी अंगच्या संकेताने सबवूफरही ७५ वरच ठेवायचा असतो. वर पुन्हा १० वाढवणे हा वारंवार आढळणारा गैरसमज आहे.

उपकरणे : आयईसी ६१६७२ मध्ये मापकांचे दोन वर्ग आहेत आणि दुसऱ्या वर्गाची मुभा सैल आहे. ध्वनिअंशांकक मापकाच्या तोंडावर बसवून १ किलोहर्ट्झला ९४ किंवा ११४ डेसिबल देतो, त्यावरून मापक तपासता येतो. जुळवणीपुरती मात्र मापकाची स्थिर चूक आड येत नाही. तो सर्वत्र २ डेसिबल कमी दाखवत असला, तरी डावा, मधला आणि उजवा स्पीकर एकमेकांशी बरोबर जुळतात. चूक वारंवारितेनुसार बदलते तिथे हा दिलासा संपतो. अमेरिकेत रेडिओशॅकच्या नावाने विकले गेलेले स्वस्त मापक एके काळी हौशी लोकांत सर्वाधिक वापरात होते. त्यांच्या मंद्र वाचनासाठी दुरुस्तीची कोष्टके फिरत असत. मोबाइलमधील अॅपची स्थिती तशीच आहे. अमेरिकेच्या एनआयओएसएच या व्यावसायिक आरोग्य-सुरक्षा संस्थेचे अॅप आयफोनवर बरेच विश्वसनीय मानले जाते, पण ते कामाच्या जागीच्या गोंगाटासाठी केलेले आहे. फोनचा मायक्रोफोन खालच्या वारंवारितांत किती उतरतो, हे फोनागणिक वेगळे.

ऑडिसी, डिराक, यामाहाचे वायपीएओ यांसारख्या स्वयंचलित व्यवस्थांमुळे मापकाचा वापर घटला आहे. त्यांच्यानंतर मापकाने पडताळले असता एखाद-दोन डेसिबलांचा फरक दिसू शकतो. स्वयंचलित व्यवस्था अनेक जागांची सरासरी घेते, तिचा मायक्रोफोन वेगळा असतो आणि ती सी भारांकन लावत नाही. शिवाय काही रिसीव्हरांत अंगचा चाचणी-संकेत इक्वलायझेशनच्या फिल्टरांना वळसा घालून थेट स्पीकरकडे जातो. अशा वेळी पडताळणी बाहेरून, तबकडीवरच्या संकेताने करावी लागते.