विनंती गेली, हे पानाला सांगायचं कोणी?

आडत दुकानातला मुनीम सोयाबीनची पट्टी करतो, 'जतन करा' दाबतो आणि पडद्यावर काहीच हलत नाही. उदगीर-अहमदपूर पट्ट्यात रेंज मधेच जाणं कुणाला नवीन नाही, म्हणून तो पुन्हा दाबतो. संध्याकाळी एकाच शेतकऱ्याच्या नावावर दोन पट्ट्या निघतात आणि बोलणी मुनिमाला बसतात. खरं तर त्याला काय चाललंय हे कळण्याची सोय वेबनेच मधल्या काळात काढून घेतली होती. जावा भाषेतल्या फ्रेमवर्कनी, म्हणजे वेबप्रणाली बांधायच्या तयार सांगाड्यांनी, ती परत कशी दिली, आणि इतक्या उशिरा का, याची ही हकिकत.

एजॅक्स, म्हणजे पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची पद्धत, येण्याआधी प्रत्येक दाबणीला अख्खं पान नव्याने यायचं. पान कोरं व्हायचं, ब्राउझरच्या कोपऱ्यातलं चिन्ह फिरायचं, सर्व्हर बंद असला तर ब्राउझर स्वतःच तसं सांगायचा. हे सारं फुकट मिळत होतं. प्रोग्रामरने त्यासाठी एक ओळही लिहिलेली नसायची.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची सोय दिली. तिचा उगम आउटलुकच्या वेब आवृत्तीच्या गरजेत होता. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आलं, तेव्हा तिची ताकद लोकांना दिसली. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिलं. विनंती आता पडद्यामागून जाऊ लागली, आणि ती गेली, अडकली की मेली, हे दाखवण्याची जबाबदारी ब्राउझरकडून पान लिहिणाऱ्यावर आली. ही अदलाबदल त्या वेळी फारशी कुणाच्या डोळ्यात भरली नाही.

जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी भाषा, वापरणाऱ्यांनी ती लवकर ओळखली. २००६ मध्ये आलेल्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत पहिल्यापासूनच पानभर ऐकू येणाऱ्या घटना, म्हणजे विनंती निघाली, संपली अशा खबरी, होत्या. त्यातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. 'एजॅक्ससेंड' आणि 'एजॅक्सकम्प्लीट' दर विनंतीला वाजतात. 'एजॅक्सस्टार्ट' मात्र दुसरी कुठलीच विनंती चालू नसताना पहिली निघाली तरच, आणि 'एजॅक्सस्टॉप' शेवटची संपल्यावर. फिरतं चक्र दाखवायला नेमकं हेच लागतं, नाहीतर पाच विनंत्यांपैकी पहिली परतली की चक्र गायब.

जावाकडे गोष्ट वेगळी होती. जेएसएफ (जावासर्व्हर फेसेस) या जावाच्या फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती मार्च २००४ ची, म्हणजे एजॅक्सच्या नामकरणाच्याही आधीची. तिचं आश्वासनच असं होतं की तुम्ही जावा लिहा, ब्राउझरमधलं आम्ही पाहतो. जावास्क्रिप्ट झाकून ठेवायचं ठरल्यावर 'विनंती निघाली' ही जावास्क्रिप्टमधली घटना प्रोग्रामरच्या हाती द्यायची कुठून? माझ्या मते उशिराचं मूळ तिथे आहे. तांत्रिक अडचण त्यामानाने किरकोळ होती.

मधली जागा बाहेरच्या लायब्रऱ्यांनी भरली. एक्झाडेल कंपनीची एजॅक्सफोरजेएसएफ ही लायब्ररी पुढे २००७ मध्ये जेबॉसच्या छत्राखाली रिचफेसेस या दुसऱ्या लायब्ररीसोबत एकत्र झाली. तिच्यात 'स्टेटस' नावाचा टॅग होता. तो पानात ठेवला की विनंती चालू असताना एक मजकूर आणि संपल्यावर दुसरा दिसे. आइसफेसेस या आणखी एका लायब्ररीचं जोडणीची अवस्था दाखवणारं चिन्ह वेगळं. प्रत्येकाची रीत आपापली, आणि दोन लायब्रऱ्या एका पानात आणल्या की त्यांचं पटेलच याची खात्री नाही.

२००९ च्या जेएसएफ २.० ने ही सोय सगळ्यांसाठी एकच, प्रमाण केली. 'जेएसएफ.एजॅक्स.अ‍ॅडऑनइव्हेंट' ला एक फंक्शन एकदा दिलं की पानातल्या प्रत्येक प्रमाण एजॅक्स विनंतीच्या तीन अवस्था त्याच्याकडे येतात. पाठवण्याआधी 'बिगिन', उत्तर हाती आल्यावर 'कम्प्लीट', आणि पानात बदल लागू झाल्यावर 'सक्सेस'. चुका 'अ‍ॅडऑनएरर' कडे. बरेच जण चक्र 'सक्सेस' वर थांबवतात. मग नेटवर्क तुटलं की 'सक्सेस' येतच नाही आणि चक्र फिरतच राहतं. ते 'कम्प्लीट' वर काढायचं असतं.

याच आवृत्तीत विनंत्यांची रांगही आली, आणि तिच्याबद्दल गैरसमज फार. रांग विनंत्या एकामागून एक सोडते, दुबार विनंती अडवत नाही. मुनिमाच्या दोन्ही दाबण्या शिस्तीत सर्व्हरपर्यंत पोचतात. 'बिगिन' वर बटण बंद केलं तर पुष्कळ भागतं, सगळं नाही. सर्व्हरने पट्टी लिहिली आणि उत्तर येताना रेंज गेली, तर ब्राउझरला फक्त चूक दिसते. त्यासाठी फॉर्मसोबत एकदाच चालणारा क्रमांक पाठवून तो सर्व्हरवर तपासावा लागतो. घटना ऐकून ते होत नाही.

आणखी एक खोड. चूक ऐकणारं फंक्शन नसेल, तर प्रकल्प 'डेव्हलपमेंट' अवस्थेत असताना ब्राउझर इशारा दाखवतो, 'प्रॉडक्शन' मध्ये गप्प बसतो. जेवणाच्या सुट्टीत सेशन (लॉगिनची मुदत) संपलं, सर्व्हरने लॉगिनकडे वळवलं, ब्राउझर ते वळण मुकाट्याने घेतो. जेएसएफच्या जावास्क्रिप्टला एक्सएमएल या साच्यातलं उत्तर हवं असतं, हाती लॉगिनच्या पानाचं एचटीएमएल पडतं, आणि गिऱ्हाइकाला काहीच दिसत नाही. २०१२ मध्ये आलेल्या ओम्निफेसेस या जेएसएफच्या पूरक लायब्ररीने जावाच्या बाजूचं दुखणं बरंच हलकं केलं: एजॅक्स विनंतीत अपवाद (सर्व्हरवरच्या कोडमधली चूक) उडाला तरी नेहमीचं त्रुटीचं पान दाखवणारा हँडलर तिने दिला.

विकेट या जावाच्या दुसऱ्या फ्रेमवर्कने वेगळी वाट धरली. २०११ च्या १.५ आवृत्तीत पानाच्या घटकांनी एकमेकांना घटना पाठवायची सोय आली, आणि प्रत्येक एजॅक्स विनंतीची खबर सर्व्हरवरच सगळ्या घटकांपर्यंत जाऊ लागली. मूळ पानाच्या एका मेथडमध्ये ती पकडून संदेशांचा पॅनेल दर वेळी ताजा करता येतो, प्रत्येक बटणाच्या कोडमध्ये तेच परत लिहावं लागत नाही. २०१२ च्या विकेट ६ ने ब्राउझरची बाजू जेक्वेरीवर नव्याने बांधली. जावाच्या माणसाला जावातच उत्तर देणारी ही मांडणी मला जास्त प्रामाणिक वाटते.

'पानभर' या शब्दावर मात्र फार विसंबू नये. प्राइमफेसेस ही जेएसएफवरची लायब्ररी आपल्या विनंत्या स्वतःच्या, जेक्वेरीवर बांधलेल्या यंत्रणेतून पाठवते, त्यामुळे जेएसएफच्या प्रमाण फंक्शनला त्या ऐकूच येत नाहीत. त्यांच्यासाठी प्राइमफेसेसचा 'एजॅक्सस्टेटस' लागतो. हा टॅग पुढच्या आवृत्त्यांत प्रमाण विनंत्याही ऐकू लागला, उलट दिशा तशीच बंद राहिली.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या कारखान्यात भांडाराची जुनी जेएसएफ प्रणाली आजही चालू असेल, तर ती नव्या आवृत्तीवर नेणाऱ्याने एक जागा आधी पाहावी. जेएसएफचं नवं नाव जकार्ता फेसेस; त्याच्या २०२२ च्या ४.० आवृत्तीत 'जेएसएफ.जेएस' या जावास्क्रिप्ट फाइलचं 'फेसेस.जेएस' झालं, आणि आतलं 'जेएसएफ' हे नावही 'फेसेस' झालं. टेम्पलेटमधली जुनी नोंदणी, म्हणजे घटना ऐकणारं फंक्शन जुन्या नावाने जोडणारी ओळ, त्यामुळे पान उघडतानाच कोलमडते. विनंत्या जातात, माल नोंदला जातो, फक्त चक्र दिसत नाही आणि चूक झाली तर कळत नाही. जावाचं संकलन (कम्पाइल) यातलं काही पकडत नाही. ब्राउझरचा कन्सोल उघडला तरच ती लाल ओळ दिसते.