तुंगुस्का दोन आहेत, आणि 'खालची' नकाशात वर आहे

सायबेरियाच्या जंगलावर 30 जून 1908 रोजी झालेला तुंगुस्का स्फोट तुम्हाला ठाऊक असणारच. सुमारे 2,150 चौरस किलोमीटरवरची झाडं आडवी झाली आणि उल्केचा खड्डा काही सापडला नाही. ते सगळं इथे पुन्हा सांगत नाही. मला सलतं ते वेगळंच: नदी चुकते. स्फोटाची खूण तुरा गावाजवळ टाकलेले नकाशे मी इतक्यांदा पाहिलेत की आता लिहायलाच हवं. तुरा दुसऱ्याच नदीवर आहे, घटनास्थळापासून शेकडो किलोमीटर उत्तरेला.

नद्या दोन. पोदकामेन्नाया तुंगुस्का, म्हणजे दगडाखालची, लांबी 1,865 किलोमीटर. निझ्न्याया तुंगुस्का, म्हणजे खालची, लांबी 2,989. दोन्ही तैगातून, म्हणजे तिथल्या सूचिपर्णी जंगलातून वाहतात, दोन्ही येनिसेई नदीला मिळतात, दोघींचं नाव तुंगूस या शब्दावरून आलं. बाहेरचे लोक तिथल्या एवेंकी जमातीला पूर्वी तसं म्हणत. स्फोट झाला तो पोदकामेन्नायाच्या खोऱ्यात.

खरी गोची 'खालची' या शब्दाची आहे. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशानं खाली म्हणजे दक्षिण हे आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय, म्हणून लोक निझ्न्यायाला दक्षिणेत शोधतात आणि मग दोघींची अदलाबदल होते. पण नदीकाठचा माणूस 'खालच्या अंगाला' म्हणतो तेव्हा पाणी जातं त्या बाजूला हात करतो. निम्न दुधना, ऊर्ध्व पैनगंगा ही आपल्याकडच्या प्रकल्पांची नावंही त्याच हिशेबानं पडलीत. येनिसेई वाहते उत्तरेला, कारा समुद्राकडे. त्यामुळे तिच्या खालच्या अंगाला मिळणारी ती खालची, आणि नकाशात ती वर. वरची तुंगुस्काही होती बरं का: अंगारा नदीच्या शेवटच्या टप्प्याचं ते जुनं नाव. येनिसेईतून नाव हाकत निघालात तर आधी अंगाराचं मुख लागेल, मग बोर गावासमोर पोदकामेन्नायाचं, आणि पार तुरुखान्स्कला निझ्न्यायाचं. या शेवटच्या दोन मुखांमध्ये सरळ रेषेत मोजलं तरी साडेचारशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. तिन्ही मुखं उजव्या हाताला, म्हणजे पूर्वेला. धरणाचा उजवा कालवा ठरवताना पाणी जातं त्या दिशेला तोंड करतात, तसंच.

म्हणून माझा आग्रह आहे की नुसतं 'तुंगुस्का नदी' लिहू नये. पोदकामेन्नाया हा शब्द लांब वाटतो खरा, पण लिहावा. स्फोटाचं ठिकाण तिच्या काठावर नाही, तिला मिळणाऱ्या ओढ्या-नद्यांच्या दलदलीत आहे: खुश्मा चांबाला मिळते आणि चांबा पोदकामेन्नायाला. जवळचं गाव वानावारा, तिथून साधारण 65 किलोमीटरवर. तिथल्या व्यापारी ठाण्यावर पायरीवर बसलेल्या एका माणसाला अंगातला सदरा पेटल्यासारखी धग लागली आणि पुढच्या क्षणी तो काही मीटर दूर फेकला गेला. 1927 मध्ये स्फोटाचा शोध घेणारे शास्त्रज्ञ लिओनिद कुलिक याच वानावाराहून आत शिरले. मधोमध त्यांना झाडं उभीच दिसली, फांद्या झडून तारेच्या खांबांसारखी झालेली. भोवतीची मात्र बुंधे आतल्या बाजूला, शेंडे बाहेर अशी निजलेली.

निझ्न्यायाची गंमत तिच्या वरच्या भागात आहे. किरेन्स्कजवळ ती लेना नदीपासून जेमतेम 15 किलोमीटरवर येते. जुने व्यापारी तेवढ्या पट्ट्यात माल जमिनीवरून ओढून नेत. तरी दोघींचं पाणी शेवटी निरनिराळ्या समुद्रांना जातं.

आणखी एक चकवा. पोदकामेन्नायाच्या वरच्या टप्प्याला कातांगा म्हणतात, पण इर्कुत्स्क प्रांतातल्या कातांगा जिल्ह्याचं मुख्य गाव येर्बोगाचोन निझ्न्यायाच्या काठी आहे. जिल्ह्याच्या नावावर जाऊन त्याला स्फोटाच्या नदीवर नेऊन बसवू नका.